दिवाळी सरली की कोकोला पाणी: उन्हाळी ताणातून पीक वाचवण्याचे टप्पे

माडाच्या किंवा पोफळीच्या बागेत कोको लावलेल्यांचा मार्च-एप्रिलमधला प्रश्न ठरलेला असतो: "झाड हिरवं आहे, मेलेलं नाही, मग फळं काळी का पडतायत?" त्यावर लोक बुरशीनाशक फवारतात, कोणी युरिया टाकतं, कोणी शिमग्यानंतर पाणी वाढवतं. तोवर बरंचसं नुकसान होऊन गेलेलं असतं.

कोको ताण कसा सोसतो ते आधी नीट समजून घ्या. ओल कमी झाली की झाड पहिल्यांदा पानांची रंध्रं मिटतं, त्यामुळे अन्न तयार होणं मंदावतं. मग ते कोवळ्या फळांचा पुरवठा तोडतं. त्यानंतर जुनी पानं गाळतं आणि सगळ्यात शेवटी फांद्या वाळतात. पानाकडे बघून पाणी ठरवणारा माणूस तिसऱ्या पायरीवर जागा होतो, आणि पीक तर दुसऱ्याच पायरीवर गेलेलं असतं. ब्राझीलच्या बाहिया भागात २०१५-१६च्या एल निनो दुष्काळात सावलीतल्या कोको बागांचा अभ्यास झाला. त्यात सुमारे १५ टक्के झाडं मेली, पण उत्पादन जवळपास ८९ टक्क्यांनी घटलं. झाड जगतं आणि पीक जातं ते असं.

कोकणातली दुसरी फसगत पावसाच्या आकड्याची. कोकोला वर्षाला १५०० ते २००० मिलिमीटर पाऊस पुरतो, आपल्याकडे तर त्याहून कितीतरी जास्त पडतो. पण कोकोला तो वर्षभर विखरून लागतो. १०० मिलिमीटरपेक्षा कमी पावसाचे सलग तीन महिने त्याला कसेबसे चालतात, आणि आपल्याकडे नोव्हेंबर ते मे कोरडेच. वर जांभ्याची जमीन, पाणी धरून न ठेवणारी. कोकोची अन्न घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या वीतभर-दीड वीत थरात असतात आणि तोच थर आधी सुकतो.

### सुरुवात करण्याआधी: फळाचं कॅलेंडर

फूल धरल्यापासून फळ पिकायला साधारण पाच ते साडेपाच महिने लागतात. आपल्या भागातला एक मुख्य तोडा एप्रिल ते जूनमध्ये येतो. म्हणजे ती फळं धरतात नोव्हेंबर ते जानेवारीत आणि भरतात फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. या तोड्याची मोठी सोय अशी की त्यातलं बरंचसं पीक पावसातल्या काळ्या कुजीच्या (फळं काळी पडून कुजण्याच्या रोगाच्या) आधी हाती येतं. पण त्याचं सगळं वाढणं कोरड्या महिन्यांत आहे, तेव्हा उन्हाळ्याचं पाणी हेच या पिकाचं पाणी.

मी स्वतः पहिली दोन वर्षं हे पाहिलं नाही. माडांना शिमग्यानंतर जोर लावून पाणी द्यायची घरची रीत होती, तीच कोकोला लावली. तिसऱ्या वर्षी एकाच ओळीला दिवाळीनंतर लगेच पाणी सुरू केलं. फेब्रुवारीत त्या ओळीच्या खोडांवर हिरवी फळं लटकत होती, आणि शेजारच्या ओळीत बोटाएवढी काळी, कडक, सुकलेली फळं खोडाला चिकटून राहिली होती. दोन्ही ओळींची पानं सारखीच हिरवी होती. तेव्हापासून मी पानाच्या आधी खोड बघतो.

### टप्पा १: सप्टेंबर – पाण्याचा हिशोब मेचा धरा

विहीर सप्टेंबरात तुडुंब दिसते, पण हिशोब त्या पाण्याचा करायचा नाही. गेल्या मेमध्ये रोज किती पाणी येत होतं तेच धरा. ते माहीत नसेल तर या उन्हाळ्यात मोजा. संध्याकाळी पंप बंद केल्यावर पातळीला खूण करा, आणि सकाळी पंप लावण्याआधी पाणी किती चढलं ते बघा. ३ मीटर व्यासाच्या गोल विहिरीत १० सेंटिमीटर चढ म्हणजे सुमारे ७०० लिटर.

आता गरज मांडा. ठिबकवर मोठ्या कोको झाडाला रोज २० लिटर धरतात. १०० झाडांना झाले २००० लिटर. माडांचं पाणी यात धरू नका, ते वेगळं. माडामागे रोज ३० ते ४० लिटर मांडा. कोको आणि माड एकाच जागेत आहेत म्हणून एकाचं पाणी दुसऱ्याला पुरेल, हा समज चुकीचा आहे. दोघांची मुळं ओलीसाठी एकमेकांशी झगडतात आणि माड त्यात हरत नाही.

पाटाने आळ्यांत पाणी देत असाल, तर सुपारीतल्या मिश्रपिकासाठी शिफारस अशी आहे: नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आठवड्यातून एकदा, जानेवारी ते मार्च दर सहा दिवसांनी, एप्रिल-मेमध्ये दर चार-पाच दिवसांनी, आणि दर खेपेस १७५ लिटर. हे दिवसाला वाटलं तर एप्रिल-मेमध्ये ३५ लिटर किंवा त्याहून जास्त होतं. ठिबक का परवडतं ते यावरूनच कळेल.

तपासा: मेमधलं विहिरीचं पाणी गरजेपेक्षा कमी असेल तर आत्ताच ठरवा, किती झाडांना पूर्ण पाणी देणार. हा निर्णय एप्रिलवर टाकला की सगळ्यांनाच थोडं थोडं मिळतं आणि कोणाचंच भागत नाही.

सावध: किनाऱ्याजवळच्या विहिरी एप्रिलनंतर मचूळ होतात. कोकोला खारं पाणी सोसत नाही, पानांच्या कडा करपतात आणि ते उन्हाने झालं असं वाटतं. चव बदलली की पाण्याची क्षारता तपासून घ्या.

### टप्पा २: सप्टेंबर-ऑक्टोबर – ओल आहे तोवर खत आणि हलकी छाटणी

यातला क्रम बदलू नका: आधी छाटणी, मग खत, मग आच्छादन. आच्छादन आधी केलं तर खत पालापाचोळ्यावर पडून वाया जातं.

छाटणी हलकी करायची. खोडावर सरळ वर जाणारे फुटवे रोजच्या रोज काढायचे असतात, ते आत्ता राहिले असतील तर काढा, कारण ते पाणी पितात आणि काही देत नाहीत. आतल्या वाळक्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा. पण छत्री मोडू नका. बाहेरचा घेर उघडा पडला की फेब्रुवारीच्या उन्हात खोडाची साल भाजते, आणि फुलं तर त्याच सालीवर, गाठींवर येतात. भाजलेली गाठ पुन्हा फुलत नाही. जोराची छाटणी करायचीच असेल तर ती पावसाळ्यातली गोष्ट आहे.

खताचा वर्षाचा हिशोब तिसऱ्या वर्षापुढच्या झाडाला १०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद, १४० ग्रॅम पालाश, दोन हप्त्यांत. अर्धा हप्ता आत्ता. म्हणजे झाडामागे साधारण ११० ग्रॅम युरिया, १२५ ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि ११५-१२० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश. पालाशकडे दुर्लक्ष करू नका, पानांची रंध्रं वेळेवर मिटण्या-उघडण्याचं काम त्याच्यावर चालतं. नुसता युरिया टाकून झाडाला कोवळी पालवी आणली तर डिसेंबरात तीच पालवी पाणी मागत बसते.

सावध: खत घालायला कुदळीने आळं खणू नका. वरच्या थरातली मुळं तुटली की उन्हाळ्यासाठी होती तीच मुळं गेली. हाताने किंवा खुरप्याने पालापाचोळा बाजूला करा, खत पसरा, वरवर मिसळा, पुन्हा झाका.

### टप्पा ३: ऑक्टोबर – आच्छादन, जमीन ओली असतानाच

सुकलेल्या जमिनीवर घातलेलं आच्छादन उन्हाळी शिंपणाचं पाणीच अडवून ठेवतं. म्हणून परतीचा पाऊस संपता संपता हे काम उरका.

काय वापराल? आगरात पडलेलं सगळं चालतं: कोकोची स्वतःची पानं, तुकडे केलेली झापं, पोफळीच्या विऱ्या (झावळीची रुंद बुडं), नारळाची सोडणं. सोडणं जमिनीवर पसरताना पाठ वर ठेवा. थर दबल्यावर चार-पाच इंच राहायला हवा, म्हणजे घालताना त्याच्या दुप्पट. खोडापासून वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर साल कुजते आणि वाळवी थेट खोडावर चढते.

केळी असतील तर घड काढल्यावर खांबाचे तुकडे करून कोकोखाली टाका. यातून ओल तर टिकतेच, शिवाय दुसरा फायदा होतो. कोकोचं परागीभवन मधमाश्या करत नाहीत, ते बारीक चिलटं करतात, आणि ती ओल्या कुजत्या पालापाचोळ्यात वाढतात. फूल उमलल्यावर एक-दोन दिवसांत परागीभवन झालं नाही तर गळून पडतं. बाग झाडून स्वच्छ ठेवणारा, पाला गोळा करून जाळणारा माणूस ओल आणि चिलटं दोन्ही घालवून बसतो. माझी विनंती आहे, कोकोखाली झाडू फिरवू नका.

तपासा: डोंगराकडच्या बाजूने वणवा येण्याची शक्यता असेल तर बागेच्या कडेने आठ-दहा फूट पट्टा पूर्ण साफ ठेवा. आच्छादन बागेच्या आत हवं, कडेला नको.

याच महिन्यात वाऱ्याचंही बघा. हिवाळ्यात पहाटे पूर्वेकडून येणारा कोरडा मतलई वारा पानातली ओल ओढून घेतो. जमीन ओली असली तरी अशा हवेत पानं रंध्रं मिटून घेतात. पूर्वेची कड उघडी असेल तर तिथे केळी, गिरिपुष्प असं काहीतरी दाट लावा. यंदापुरता झापांचा कूड केला तरी चालेल.

### टप्पा ४: नोव्हेंबर – पहिलं पाणी

पाणी तारखेवर सुरू करायचं नाही, मातीवर करायचं. परतीचा पाऊस थांबून दोन आठवडे झाले की आच्छादन बाजूला सारा, खोडापासून दोन फुटांवर वीतभर खोल माती काढा आणि मुठीत दाबा. गोळा झाला आणि बोटाने ढकलल्यावर फुटला तर वाफसा, म्हणजे पुरेशी ओल आहे, अजून थांबा. गोळाच होत नसेल तर तुम्हाला उशीर झालाय. या दोहोंच्या मधली स्थिती, म्हणजे गोळा होतो पण उघडल्यावर आपोआप चिरतो, ती पाणी सुरू करायची वेळ. बहुतेक ठिकाणी ती दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात येते.

ठिबकची मांडणी अशी: ताशी ४ लिटरच्या दोन तोट्या खोडाच्या समोरासमोर, दोन-अडीच फुटांवर. अडीच तासांत २० लिटर होतात. जमीन पुळणीची, वाळूची असेल तर पाणी सरळ खाली उतरतं, आजूबाजूला पसरत नाही. तिथे ताशी २ लिटरच्या चार तोट्या घ्या. पाणी तेवढंच, पण ओल चार जागी होते.

तोट्या खोडाला चिकटून ठेवणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. तिथे पाणी पिणारी मुळं थोडी, आणि सतत ओल्या सालीला कूज लागते.

तपासा: महिन्यातून एकदा एका तोटीखाली डबा ठेवून अर्धा तास मोजा. ४ लिटरच्या तोटीतून २ लिटर यायला हवं. ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या झाडाजवळ दोन्हीकडे मोजा. शेवटच्या झाडांना निम्मं पाणी मिळतंय हे कळायला दुसरा उपाय नाही. गाळणी आठवड्याला धुवा.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये रोज २० लिटर द्यायलाच हवं असं नाही. मातीची मूठ बघून दिवसाआड चालतं. जानेवारीच्या मध्यापासून मात्र खंड पडू देऊ नका. वीज जाते, पंप बिघडतो, हे गृहीत धरून दोन दिवसांचं पाणी टाकीत ठेवता आलं तर उत्तम.

### टप्पा ५: जानेवारी ते मार्च – खोड वाचायला शिका

दहा झाडं निवडा, त्यांच्या खोडाला रंगाची खूण करा आणि दर रविवारी त्यांच्यावरची हिरवी फळं आणि काळी सुकलेली फळं मोजा. वहीत लिहा. सुकलेलं फळ कोको सहजी टाकत नाही, ते झाडावरच राहतं. म्हणून मोजून झाल्यावर ती काढून टाका, नाहीतर पुढच्या रविवारी तीच पुन्हा मोजली जातात.

कोवळी फळं थोडीफार सुकणारच. चांगल्या पाण्यावरच्या झाडावरही धरलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त सुकतात, कारण झाड पोसता येतील तेवढीच ठेवतं. घाबरायचं ते सुकण्याचा वेग एकदम वाढला तर. साधारण तीन महिन्यांपुढचं फळ असं वाळत नाही. तिथवर नेलं की ते तुमचं.

सुकण्याची कारणं वेगळी ओळखा:

- आधी पिवळसर, मग काळं, आकसलेलं, कडक, आणि वर डाग किंवा कीड काही नाही: ताण किंवा नैसर्गिक विरळणी. बुरशीनाशकाचा उपयोग शून्य.
- देठाशी पांढरा कापूस, मुंग्यांची ये-जा: पिठ्या ढेकूण. कोरड्या हवेत तो वाढतो. आधी मुंग्यांची वाट तोडा, लागलेली फळं आणि शेंडे काढून नष्ट करा.
- मोठ्या फळावर काळपट डाग, वर काजळीसारखी भुकटी हाताला लागते: कोळशी कूज. ही उन्हाळ्यात आणि ताणातल्या झाडांवर जास्त येते. फळं काढा आणि त्या झाडाचं पाणी तपासा, मूळ कारण बहुधा तिथेच सापडतं.

पानांबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, यात जाणतेही फसतात. कोकोची नवी तांबूस पालवी लोंबतीच असते, तो तिचा स्वभाव आहे. ती बघून पाणी वाढवू नका. दुपारी जुनी पानं थोडी कलतात, त्यावरूनही काही ठरवू नका. सकाळी सूर्य वर यायच्या आधी बागेत जा आणि जून हिरव्या पानांकडे बघा. रात्रभर विश्रांती घेऊनही ती सैल असतील तर ताण आहे.

### टप्पा ६: एप्रिल-मे – पाणी कमी पडलं तर

इथे मन घट्ट करावं लागतं. सगळ्या झाडांना रोज पाच-पाच लिटर शिंपडलं तर वरचा इंचभर भिजतो आणि संध्याकाळपर्यंत उडून जातो. त्यापेक्षा क्रम लावा.

पहिला मान तीन वर्षांच्या आतल्या रोपांना. त्यांची मुळं उथळ असतात आणि ती मेली तर तीन वर्षं गेली. पाणी थोडं पण वरचेवर द्या, नैऋत्येच्या बाजूने झापांचा आडोसा करा. दोन-चार रोपं वेगळी पडली असतील तर शेजारी कच्चं मडकं पुरून भरून ठेवा. दुसरा मान ज्यांच्यावर हाताएवढी फळं आहेत त्या झाडांना, त्यांचं पाणी पूर्ण द्या, कारण आता दाणा भरतोय. उरलेल्या मोठ्या झाडांना आठवड्यातून एकदा, पण खोल. त्यांच्यावर आता पीक नाही, त्यांना फक्त जगवायचं आहे. त्यांच्यावरची बोटाएवढी फळं काढून टाका. हळहळ वाटते, पण ती तशीही टिकणार नसतात.

पाणी पहाटे द्या. वर्षाच्या खताचा दुसरा अर्धा हप्ता एप्रिल-मेमध्ये सांगितलेला असतो, पण तो पूर्ण पाणी मिळणाऱ्या झाडांनाच. कोरड्या मातीत खत घातलं तर मुळं करपतात. बाकीच्यांना वळवाचा पाऊस मुरल्यावर.

### टप्पा ७: तोडणी आणि दाणा

तोडणी दहा-पंधरा दिवसांपुढे लांबवू नका. उन्हाळ्यात पिकून राहिलेल्या फळात बी आतच अंकुरतं.

ताणातल्या फळांचा दाणा बारीक निघतो आणि भोवतीचा गर कमी असतो. फळातून काढलेले दाणे गरासकट ढीग लावून आंबवतात, आणि गर कमी म्हणजे हे आंबवण नीट तापत नाही. अशी फळं ओळखू आली तर त्यांचा वेगळा ढीग लावा, चांगल्या मालात मिसळू नका. वाळवल्यावर १०० दाणे मोजून तोला: १०० ग्रॅमच्या आसपास भरले तर माल बाजाराच्या मापाचा. बरेच कमी भरले तर फेब्रुवारी-मार्चचं पाणी कुठे कमी पडलं ते वहीत शोधा.

### टप्पा ८: पहिला पाऊस आणि वाळलेली झाडं

वळवाच्या पहिल्या दमदार सरीनंतर ताणातलं झाड एकदम पालवी फेकतं आणि फुलतंही. बागायतदार खूश होतो आणि ठिबक बंद करतो. हे करू नका. त्यानंतर दहा-बारा दिवस उघडीप पडली तर नवी पालवी सगळं पाणी आणि अन्न ओढते आणि फळं पुन्हा सुकतात. मोसमी पाऊस नीट बसेपर्यंत, मातीची मूठ बघून, पाणी चालू ठेवा.

पानं गळून उघड्या पडलेल्या फांद्या मेमध्ये तोडू नका. नखाने साल खरवडा. आत हिरवं असेल तर फांदी जिवंत आहे. तपकिरी, कोरडं असेल तर खाली खाली खरवडत या आणि हिरवं लागतं तिथे खूण करून ठेवा. छाटणी जुलै-ऑगस्टमध्ये, फूट कुठून येते ते बघून करा. मुख्य खोड वरून वाळलं पण बुंध्यातून जोरदार सरळ फुटवा आला, तर तो एक ठेवा. त्याचंच नवं झाड होतं.

मेलेल्या झाडांच्या जागी नवी रोपं लावताना पाणी बेताचं असलेल्या बागांनी कर्नाटकातल्या विट्टलच्या संशोधन केंद्रातून आलेले व्हीटीएलसीएच-३ किंवा व्हीटीएलसीएच-४ हे संकर मागावेत, ते कमी पाण्याच्या परिस्थितीसाठीच निवडलेले आहेत. म्हणून त्यांना कोरडवाहू समजू नका, उन्हाळी पाणी त्यांनाही लागतं. रोपं जूनच्या सुरुवातीलाच लावा. ऑगस्टात लावलेल्या रोपाला मुळं पसरायला दोन महिनेही मिळत नाहीत आणि लगेच कोरडे दिवस सुरू होतात.

लावण्याआधी वही उघडून विहिरीचा मेमधला आकडा पुन्हा बघा. गेल्या उन्हाळ्यात ६० झाडांनाच पाणी पुरलं असेल, तर एकसष्टावं रोप यंदा लावू नका.